मालमोटारीचा सारथी होण्यापूर्वी

मनुष्याने कोणता उद्योग पत्करावा, या प्रश्नाचे उत्तर तो बहुधा आपल्या दृष्टीसमोरून रोज जे जाते त्यावरून देतो. समुद्रकाठच्या मुलाला होडी दिसते, सोनाराच्या मुलाला मूस दिसते. त्याचप्रमाणे मलकापूरच्या मुलाला मालमोटार दिसते. हाजिऱ्यापासून पारादीपपर्यंत, म्हणजे पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आपल्या गावावरून जातो. जुन्या मंडळींच्या तोंडी त्याचा क्रमांक अद्याप ६ हाच आहे. त्या मार्गाने रात्रंदिवस कापसाच्या गाठी, सरकी, पेंड, मका, खानदेशची केळी, लोखंड आणि सिमेंट यांची ये-जा चालू असते. हे दृश्य पाहत वाढलेल्या मुलास उंच आसनावर बसलेला चालक एखाद्या राजासारखा वाटावा, यात नवल ते काय?

मग दहावीचा निकाल लागतो. कोठे गुण कमी पडतात, कोठे घरची ओढाताण असते, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, मी गाडीवर जातो." हे शब्द ऐकून कोणी वडील संतापतात व कोणी मुकाट्याने मान हलवितात. संतापात विचार नसतो, आणि मुकाटपणातही तो नसतो. प्रस्तुत लेखाचा हेतू मुलाला या धंद्यात ढकलावे असा नाही, किंवा त्यापासून ओढून काढावे असाही नाही. निर्णय करण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

हिशेब मांडण्याची ही शिकवण आपल्याला नवी नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभु येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. शहाणा मनुष्य पाया खणण्यापूर्वी खाली बसतो आणि बांधकाम पुरे करण्याइतके द्रव्य आपल्यापाशी आहे की नाही हे मोजतो. जो मोजत नाही, त्याचा पाया तेवढा तयार होतो आणि बुरूज कधीच उभा राहत नाही. उद्योगाची निवड हाही एक बुरूजच होय. आणि त्याचा खर्च केवळ रुपयांत होत नसून तो वर्षांत, शरीरात व शीलात होत असतो.

या उद्योगास हलका समजणाऱ्यांनी प्रथम आपल्या वऱ्हाडचा इतिहास आठवावा. लोहमार्ग येण्यापूर्वी येथील कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापुरापर्यंत नेला जात असे. शेकडो मैलांची ती वाट होती. वाटेत पाऊस लागे, कापसात धूळ बसे, बैल थकून पडत. तथापि त्या तांड्यांवाचून वऱ्हाडचे पांढरे सोने शेताच्या बांधाबाहेर पडले नसते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, मलकापूर त्या मार्गावरील एक स्थानक झाले, आणि तांड्यांचा पिढीजात धंदा थोड्याच काळात बसला. या इतिहासातून दोन धडे निघतात. माल वाहून नेणारा मनुष्य समाजाचा उपकारकर्ता आहे, हा पहिला. कोणतीही वाहतूक कायमची नसते, म्हणून जो एकच विद्या शिकतो तो काळ पालटताच निराधार होतो, हा दुसरा.

रेल्वे माल नेते ती स्थानकापासून स्थानकापर्यंत. शेताच्या बांधापासून जिनापर्यंत, जिनापासून गिरणीपर्यंत आणि दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापासून परगावच्या दुकानाच्या दारापर्यंत माल नेण्यास मोटारच लागते. या धंद्याची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हेही मान्य केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून पथकराच्या नाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाल्याने रांगा पुष्कळ आखूड झाल्या. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गेला असून ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. वऱ्हाडच्या वैशाखात इंजिनाजवळ बसून ज्याने गाडी हाकली असेल, त्यालाच या नियमाचे मोल कळेल. म्हणून "हा वाया गेलेल्या मुलांचा धंदा" असे म्हणून वाद मिटविणे न्यायाचे नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू; कारण निर्णयाचा अर्धा भाग त्यातच दडलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मोटार चालविता येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर परिवहन वाहन चालविण्यास वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिवाय हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष हाती असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. शिकाऊ परवान्यानंतर निदान तीस दिवसांनी परीक्षा देता येते. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तसेच मान्यताप्राप्त मोटार-शाळेत शिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. परिवहन वाहनाचा परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी मिळतो; तो मुदतीत नवा करून घ्यावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून पाहा. दहावी उत्तीर्ण होताना तुमचे वय सोळाच्या आसपास असते. जड मालमोटार कायदेशीरपणे हाती येईल ती विसाव्या वर्षानंतर. म्हणजे कायद्यानेच तुम्हाला चार वर्षांचा अवधी देऊ केला आहे. "मी आजच गाडीवर जातो" याचा खरा अर्थ "मी आज चालक होतो" असा नव्हे. त्याचा अर्थ "मी आज क्लीनर होतो, आणि चार वर्षे गाडी पुसतो, ताडपत्री बांधतो व उस्तादाच्या शिव्या खातो" असा आहे. क्लीनरच्या कामात कमीपणा नाही. परंतु त्या चार वर्षांत मुलगा गाडीबरोबर उस्तादाच्या सवयीही शिकतो, आणि उस्ताद कोणता मिळेल हे त्याच्या हाती नसते. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद कौतुकाने चक्र त्याच्या हाती देतो. त्या घटकेस अपघात झाला, तर परवाना नसलेल्या मुलाच्या पाठीशी कायदा उभा राहत नाही आणि विमाही उभा राहत नाही.

याच चार वर्षांत बारावी होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तोही याच काळात पुरा होतो. ज्याला इंजिन उघडून पुन्हा जोडता येते, तो आडरानात बंद पडलेल्या गाडीजवळ दोन दिवस बसून राहत नाही. आणि पुढे पाठीने किंवा डोळ्यांनी साथ सोडली तर गावात गॅरेज काढून पोट भरू शकतो. तांड्यांच्या इतिहासातील दुसरा धडा येथे उपयोगी पडतो.

पूर्वी परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली, आणि अनेक गरीब मनुष्यांना त्यामुळे मार्ग मोकळा झाला. परंतु अट गेली म्हणून गरज गेली असे नाही. बिल्टी, ई-वे बिल, विम्याची पोथी आणि दंडाची पावती हे सर्व कागद वाचणाऱ्यास व न वाचणाऱ्यास सारखेच बांधतात. जो वाचू शकत नाही, तो दुसऱ्याच्या सांगण्यावर अंगठा उमटवितो.

यानंतर पैशांचा हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी खरे आकडे विचारून हेच गणित पुन्हा करावे.

समजा, एका चालकास चार दिवसांच्या फेरीचे ३,००० रुपये मिळतात, आणि त्या फेरीत त्याचे प्रत्यक्ष गाडी हाकण्याचे तास १६ होतात. तो सांगेल की मला तासाला १८७ रुपये ५० पैसे पडतात. हे गणित खोटे नाही, पण अपुरे आहे. माल भरेपर्यंत तो थांबला, काट्यावर थांबला, माल उतरेपर्यंत थांबला, रात्री गाडीची राखण करीत केबिनमध्ये झोपला. चार दिवस म्हणजे ९६ तास तो घरी नव्हता. ३,००० ला ९६ ने भागले असता तासाला ३१ रुपये २५ पैसे येतात. आता खुराकी त्याची त्यालाच करावी लागत असेल व दिवसाला २५० रुपये खर्च होत असतील, तर उरलेल्या २,००० रुपयांचे तासाला २१ रुपयेही पडत नाहीत. म्हणून नोकरी धरण्यापूर्वी उमेदवाराने स्पष्ट विचारावे: पगार महिन्यावर की फेरीवर? खुराकी वेगळी की पगारातच? वाट पाहण्याच्या दिवसांचे काय? टायर फुटला, माल भिजला, दंड झाला, तर तो कोणाच्या अंगावर? भविष्यनिर्वाह निधी आहे काय? या प्रश्नांनी जो मालक रागावतो, त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

काही पालक म्हणतील, "नोकरी कशाला? शेत गहाण ठेवू, पण पोराला स्वतःची गाडी घेऊन देऊ." त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण. समजा, जाऊन-येऊन ८०० किलोमीटरची फेरी आहे आणि जातानाचे भाडे ३०,००० रुपये मिळते. गाडी लिटरला ४ किलोमीटर चालते असे धरले तर २०० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये दराने त्याचे १८,००० होतात. पथकर ४,०००; चालक व खुराकी ३,०००; टायर, तेल व झीज किलोमीटरला ३ रुपयांप्रमाणे २,४००; हमाली व किरकोळ १,०००. एकूण खर्च २८,४०० झाला. उरले १,६००. महिन्यात अशा सहा फेऱ्या झाल्या तर शिल्लक ९,६०० रुपये, आणि कर्जाचा हप्ता जर ४०,००० असेल तर दरमहा ३०,४०० रुपयांची तूट! आता याच फेरीत परतीचा माल मिळाला व त्याचे १५,००० रुपये आले, तर प्रत्येक फेरीस १६,६०० उरतात. सहा फेऱ्यांचे ९९,६०० होतात. हप्ता जाऊन ५९,६०० राहतात, ज्यांतून विमा, कर व दुरुस्ती भागवावयाची असते. गाडी तीच, चालक तोच, रस्ता तोच. फरक केवळ परतीच्या मालाचा. म्हणून गाडी विकत घेण्यापूर्वी "गाडी केवढ्याची?" हा प्रश्न दुय्यम समजावा. "परतीचा माल कोणता हुंडेकरी देणार, आणि महिन्यातून किती वेळा?" हा पहिला प्रश्न होय. ज्याच्यापाशी त्याचे उत्तर नाही, त्याने शेत गहाण ठेवू नये.

या गणितातून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. नफ्याची पट्टी इतकी अरुंद असते की, मनुष्याच्या मनात सहज येते, एक फेरी जास्त करावी, एक टन माल जास्त भरावा, एक रात्र न झोपता काढावी. या व्यवसायातील बहुतेक अनर्थ येथेच उगम पावतात. दोन आसांच्या, मागे चार चाके असलेल्या मालमोटारीचे मालासह एकूण वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे साडेअठरा टनांपर्यंत असू शकते. त्यापुढे माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आणि शिवाय दर जादा टनास २,००० रुपये. एका टनाच्या भाड्याच्या लोभाने बावीस हजार रुपये गमवावे लागतात. आणि दंड चुकला तरी उतारावर ब्रेक त्या टनाचा हिशेब मागतातच.

हे समजण्यासाठी विज्ञानाच्या तासाला शिकलेली दोन सूत्रे पुरेशी आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डोळ्यांनी संकट पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यालाही एक सेकंद लागला असे धरले, तर ब्रेक लागण्यास आरंभ होण्यापूर्वीच ते १७ मीटर संपलेले असतात. थांबण्याचे अंतर त्यापुढे सुरू होते. दुसरे सूत्र असे की, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकांना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. आणि झोपेचे काय? ताशी ८० किलोमीटर वेग असताना तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे ६७ मीटर सारथ्याशिवाय जाते. दिवसभराच्या कष्टानंतर मध्यरात्र ते पहाट या वेळी अशी डुलकी चोरपावलांनी येते. चहा प्याल्याने ती थोडा वेळ लांबते, टळत नाही. झोपेवर औषध एकच, ते म्हणजे झोप.

आपल्या परिसराला या विषयाची ओळख पुस्तकातून करून देण्याची आवश्यकता नाही. २९ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर मलकापूर येथेच महामार्गावर दोन खासगी प्रवासी गाड्यांची टक्कर होऊन निदान सहा माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पहाटे शेजारच्या नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ रस्त्याकाठी झोपलेल्या मजुरांच्या निवाऱ्यात मालमोटार शिरली आणि पोटासाठी आलेले मजूर झोपेतच गेले. सबंध देशाचा आकडा पाहिला तर २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. दोष कोणाचा याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम होय. परंतु जो मुलगा हे चक्र हाती घेऊ पाहतो, त्याने हे जाणून घ्यावे की त्याच्या हाती कित्येक टनांचे ओझे आणि अनोळखी घरांचे कुंकू असते.

आता या लेखातील मुख्य विचाराकडे वळू. चांगला चालक कोणास म्हणावे? मुले म्हणतील, जो गाडी उत्तम चालवितो तो. माझे म्हणणे असे आहे की, ज्याला गाडी थांबविता येते तो. थांबविणे म्हणजे केवळ ब्रेक दाबणे नव्हे. डोळे जड झाले की मालकाचा दूरध्वनी येत असताही गाडी कडेला घेऊन झोपणे, हे थांबविणे. जादा माल भरू लागले की "एवढे पुरे" म्हणणे, हे थांबविणे. ढाब्यावर सोबती पेला पुढे करतात तेव्हा हात मागे घेणे, हे थांबविणे. वाटेवरच्या वाईट संगतीपासून, जिच्यामुळे रोग घरापर्यंत येतो आणि निरपराध पत्नीलाही भोगावा लागतो, त्या संगतीपासून दूर राहणे, हेही थांबविणेच. ज्याच्या अंगी ही शक्ती नाही, त्याचा हात कितीही सफाईदार असला तरी त्याने या वाटेस जाऊ नये.

परंतु ही शक्ती केवळ उपदेशाने येत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पुढे कामगारविषयक नव्या संहितेत हा विषय सामावून घेतला गेला. परंतु पुस्तकातील मर्यादा रस्त्यावर यावी, तर "मी आता चालविणार नाही" असे मालकास सांगण्याचे धैर्य चालकापाशी असावे लागते. ज्याच्यापाशी दुसरी विद्या नाही, गाठीला चार महिन्यांची शिल्लक नाही आणि मालकाची उचल डोक्यावर आहे, त्याला "नाही" हा शब्द परवडत नाही. ज्याच्यापाशी प्रमाणपत्र आहे, हातात मेकॅनिकची विद्या आहे आणि अंगावर उचल नाही, तोच "नाही" म्हणू शकतो. म्हणूनच त्या चार वर्षांचे महत्त्व एवढे आहे. ती वर्षे गाडीपासून दूर ठेवण्यासाठी नाहीत. गाडीवर बसल्यावर मान ताठ ठेवता यावी यासाठी आहेत.

थांबण्याचा आणखी एक प्रसंग आहे, आणि तो सर्वांत कठीण आहे. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ केलेल्या मनुष्याचा दाखला तुम्ही उपासनेच्या वेळी ऐकला आहे. याजक पलीकडून गेला, लेवी पलीकडून गेला. शोमरोनी मात्र थांबला. तो दाखला रस्त्यावरचा आहे, हे आपण कित्येकदा विसरतो. आश्चर्य असे की, आपल्या देशाच्या कायद्यानेही त्याच शोमरोन्याचे नाव घेतले आहे. अपघातातील जखमीस मदत करणाऱ्यास विनाकारण त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक नियमांना मान्यता दिली, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून 'गुड समॅरिटन' या नावानेच त्याला संरक्षण देण्यात आले. इच्छा नसल्यास अशा मनुष्याला आपले नावही सांगावे लागत नाही.

स्वतःच्या गाडीने अपघात झाला असता कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांस खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या क्षोभामुळे तेथे थांबणे अशक्य असेल, तर मदत पोहोचविण्याच्या बाबतीत ती अडचण कायद्यानेही ओळखली आहे; अशा वेळी पुढील ठाण्यावर जाऊन त्वरित खबर द्यावी. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांचा संप झाला तो याच विषयावरून. अपघात करून खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम भारतीय न्याय संहितेत घातले गेले होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम मात्र वगळून ठेवण्यात आले. चालकांची भीती खरी आहे आणि रस्त्यावर तडफडणाऱ्याची तहानही खरी आहे. या दोहोंमध्ये उभे राहून योग्य तेच करण्याची तयारी आहे काय, हे आपल्या मनाला आधीच विचारून ठेवावे. त्या घटकेस विचार करण्यास अवकाश नसतो.

शिक्षण आणि मालमोटार यांचे वैर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नंदुरबारात वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचे उदाहरण पाहावे. वाणिज्य व कायदा यांचे शिक्षण घेतलेल्या या बाईंवर २००३ साली पती वारल्यावर दोन मुलांचा भार आला. त्यांनी मालमोटारीचे चक्र हाती घेतले आणि देशाच्या दूरदूरच्या प्रांतांत माल पोहोचवून मुलांना वाढविले. त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल? आणि हा धंदा केवळ पुरुषांचा असेही आता कोण म्हणेल? आमच्या विद्यार्थिनींनीही हा परिच्छेद दोनदा वाचावा.

ज्यांना गाडीची आवड आहे, पण घरापासून आठ-आठ दिवस दूर राहणे मानवणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालविता येते. वीस वर्षे पूर्ण झाल्यावर अशा लहान मालगाडीवर तालुक्यातल्या तालुक्यात हात बसवावा. संध्याकाळी घरी परत येता येते. जड वाहनाचा परवाना व पुरेसा अनुभव मिळाल्यावर एस.टी. महामंडळाची वाटही आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली गाडी निघाल्यापासून त्या संस्थेने महाराष्ट्रातील किती संसार उभे केले, ते कोणत्याही खेड्यात विचारावे.

पालकहो, आता दोन शब्द आपल्यासाठी. मुलाने हा विषय काढला असता "आमच्या घराण्यात कोणी ड्रायव्हर झाला नाही" असे म्हणू नये. त्यामुळे मुलगा विचार सोडीत नाही, फक्त सांगणे सोडतो. उलट घर चालावे म्हणून सोळाव्या वर्षी त्याला गाडीवर धाडण्याचीही घाई करू नये. त्याची पहिली कमाई गोड लागते, पण त्या कमाईची किंमत त्याच्या पुढील तीस वर्षांनी दिलेली असते. त्याला बरोबर घेऊन गावातील दोन-तीन वृद्ध चालकांकडे जावे. त्यांच्या पाठीविषयी, डोळ्यांविषयी, झोपेविषयी, मुलाबाळांविषयी विचारावे. चाळीस वर्षे सचोटीने चक्र धरून ज्यांनी लेकींची लग्ने केली व घर बांधले, तेही भेटतील. आणि ज्यांच्या हाती काही उरले नाही, तेही भेटतील. दोघांचेही ऐकावे, आणि फरक कोठे पडला ते मुलालाच शोधू द्यावे.

शेवटी पुढील प्रश्नांची उत्तरे मुलाने वहीत लिहावी व पालकांनी ती वाचावी.

१. वीस वर्षांचा होईपर्यंत मी कोणती दुसरी विद्या शिकणार आहे?

२. महिन्यातून किती रात्री मी घरी असेन, आणि घरच्यांना ते चालेल काय?

३. वैद्याने माझे डोळे, कान व पाठ तपासून काय सांगितले?

४. खुराकी, वाट पाहण्याचे दिवस व दंड धरून माझ्या एका तासाची खरी मजुरी किती होते?

५. गाडी स्वतःची घ्यावयाची असल्यास परतीचा माल कोण देणार?

६. झोप आली, जादा माल आला, पेला पुढे आला, वाटेत जखमी दिसला. या चार ठिकाणी मी थांबेन काय?

पहिल्या पाचांची उत्तरे चौकशीने मिळतील. सहाव्याचे उत्तर मुलाच्या आजच्या वागणुकीत शोधावे. जो मुलगा आज सोबत्यांच्या आग्रहापुढे "नाही" म्हणू शकतो, हाती घेतलेला अभ्यास पुरा करतो आणि दिलेला शब्द पाळतो, तो उद्या महामार्गावरही थांबावे तेथे थांबेल. सहाही उत्तरे समाधानकारक आली, तर त्या मुलास आनंदाने निरोप द्यावा; त्याच्या हाती देशाचे धान्य व कापूस सुखरूप राहील. एकही उत्तर कच्चे असेल, तर तेवढे पक्के होईपर्यंत थांबावे. रस्ता कोठे पळून जात नाही.

परमेश्वर आमच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वाटा सुखरूप राखो, आणि त्या वाटांवर चालण्याची योग्यता त्यांना देवो.